लेखणी कोणाची आणि मान कोणाला? मीक मिल आणि ड्रेक, जुलै २०१५

२१ जुलै २०१५ च्या रात्री फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल याने ट्विटरवर लोकांना बजावलं, की माझी ड्रेकशी तुलना करणं बंद करा, तो स्वतःचे रॅप स्वतः लिहीत नाही. त्यानंतरच्या जेमतेम दोन आठवड्यांची पारायणं हिपहॉपचे चाहते अजून करतात. कोण जिंकलं यावर आता फारसा वाद उरलेला नाही. मला हे प्रकरण पुन्हा उघडावंसं वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. आरोप करणाऱ्याच्या बाजूने पुरावा होता. तो रेडिओवर सगळ्यांनी ऐकला. ज्याच्यावर आरोप होता त्याने तो खोटा असल्याचं कधी सिद्ध केलं नाही. आणि तरी हसं झालं ते आरोप करणाऱ्याचं. रॅपरला मान कशासाठी द्यायचा याचा जो नियम चाहते तोंडाने सांगतात आणि जो प्रत्यक्षात चालवतात, त्यांच्यातलं अंतर इतकं उघडं क्वचितच पडलं असेल.

भांडणाचं मूळ तुलनेत होतं, हे विसरून चालणार नाही. मीकचा 'ड्रीम्स वर्थ मोअर दॅन मनी' हा अल्बम जूनच्या अखेरीस आला आणि बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या 'रिको' या गाण्यात ड्रेक पाहुणा होता. पण अल्बम आल्यावर ड्रेकने त्याबद्दल ट्विटरवर चकार शब्द काढला नाही, आणि ते मीकला लागलं. त्याच ट्विटमध्ये त्याने ही तक्रारही मांडली, आणि आम्हाला त्याचं बिंग कळलं म्हणूनच तो गप्प आहे, असं कारणही स्वतःच जोडून दिलं. 'रिको'मधलं ड्रेकचं कडवंही दुसऱ्या कोणी लिहिलंय हे आधी कळलं असतं तर ते अल्बममधून काढून टाकलं असतं, असंही तो म्हणाला. म्हणजे एका बाजूला तत्त्वाचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला रुसवा, दोन्ही एकाच दमात. पुढे ड्रेकच्या चाहत्यांनी तत्त्व बाजूला सारलं आणि रुसव्यालाच धरलं. मीकने ती सोय स्वतःच करून ठेवली होती.

दोघांच्या पार्श्वभूमीने त्यात भर घातली. मीक फिलाडेल्फियाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहून, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून रॅप करत मोठा झाला. मिसरूडही न फुटलेल्या वयातले त्याचे ते व्हिडिओ लोक अजून काढून बघतात. ड्रेक टोरांटोचा, 'डिग्रासी' या मालिकेत नट म्हणून आलेला. गाता गळा, प्रेमभंगाची गाणी, आणि त्याच्या जोडीला कडक रॅप. त्यामुळे याला नाटक करता येतं ही शंका त्याच्या नशिबाला पहिल्यापासून चिकटलेली होती. मीकच्या आरोपाने त्या शंकेला हातात धरता येईल अशी वस्तू दिली.

ती वस्तू म्हणजे क्वेंटिन मिलर हे नाव. अटलांटाचा हा तरुण रॅपर ड्रेकबरोबर काम करत होता. मीकने नाव घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या हॉट ९७ या रेडिओ केंद्रावर डीजे फंकमास्टर फ्लेक्सने '१० बँड्स' या गाण्याचा एक वेगळाच ट्रॅक वाजवला. गाणं ड्रेकच्या त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आलेल्या 'इफ यू आर रीडिंग धिस इट्स टू लेट' या अल्बममधलं, पण आवाज मिलरचा. शब्द जवळजवळ तेच, चाल तीच, श्वास घेण्याच्या जागाही त्याच. असा ट्रॅक गायकाला नमुना म्हणून करून देतात, त्याला 'रेफरन्स ट्रॅक' म्हणतात. पॉपच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे. रॅपमध्ये मात्र त्याच नमुन्याला चोरीचा मुद्देमाल समजतात.

याला इतिहास आहे, आणि तो चाहते सांगतात त्यापेक्षा बराच गमतीशीर आहे. १९७९ साली शुगरहिल गँगच्या 'रॅपर्स डिलाइट'ने रॅपला पहिल्यांदा रेकॉर्डवरून घराघरांत नेलं. त्यातल्या बिग बँक हँकने आपल्या वाट्याच्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझकडून उचलल्या होत्या. कॅझचं एक नाव होतं कॅसानोव्हा फ्लाय. हँकने ओळी इतक्या जशाच्या तशा घेतल्या की त्या नावाची अक्षरफोडसुद्धा गाण्यात तशीच राहून गेली. अभंगातली 'तुका म्हणे' ही मुद्रा शाबूत ठेवून दुसऱ्याने तो आपला म्हणून गावा, तसा हा प्रकार. आपले शब्द आपणच लिहिले पाहिजेत असं छातीठोक सांगणाऱ्या कलेचं पहिलं मोठं गाणं उसन्या शब्दांवर उभं आहे.

पुढेही हे थांबलं नाही. ईझी-ईचं नाव ज्या 'बॉइझ-एन-द-हूड'ने झालं, ते आइस क्यूबने लिहिलेलं. डॉ. ड्रेच्या १९९२ च्या 'द क्रॉनिक'मागे डी.ओ.सी. आणि स्नूप यांची लेखणी होती आणि १९९९ च्या 'स्टिल डी.आर.ई.'मागे जे-झीची. पफ डॅडीने तर २००१ मध्ये गाण्यातच सांगून टाकलं, की मी ओळी लिहितो की नाही याची काळजी करू नका, मी चेक लिहितो. यांपैकी कोणाचाही मान त्यामुळे गेला नाही. ड्रेला आजही कोणी नावं ठेवत नाही.

मग ड्रेकलाच का? चाहत्यांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडायची म्हटली तर ती अशी आहे. ड्रे हा मुळात निर्माता, त्याची करामत बीटमध्ये, म्हणजे ओळींखालच्या ताल-संगीतात, आणि कानात. मी सर्वांत मोठा शब्दप्रभू आहे असा दावा त्याने कधी केला नाही, त्यामुळे त्या मापाने त्याला कोणी मोजतही नाही. ड्रेकचं तसं नव्हतं. त्याला सर्वश्रेष्ठ पाचांत जागा हवी होती, आणि ती मागणी तो गाण्यागाण्यातून करत होता. ज्या पंगतीत जाऊन बसायचं त्या पंगतीचे नियम पाळावे लागतात. मला हा युक्तिवाद पटतो. 'रॅपरने स्वतः लिहिलंच पाहिजे' या सरधोपट नियमापेक्षा तो पुष्कळ नेमका आहे, आणि २०१५ च्या गदारोळात तो अगदी कमी जणांनी मांडला. मार्चमध्येच रॅपर केंड्रिक लामारने 'किंग कुंटा'मध्ये घोस्टरायटर, म्हणजे पडद्याआड राहून ओळी लिहून देणारा माणूस, ठेवणाऱ्या रॅपरची हजेरी घेतली होती, कोणाचं नाव न घेता. म्हणजे हवेत ते होतंच.

मात्र ज्या बाजूने हा युक्तिवाद येत होता तिथेही सगळं चोख नव्हतं. मीक तेव्हा ज्या मेबॅक म्युझिक या रेकॉर्ड कंपनीचा, तिचा मालक रिक रॉस. कोकेनच्या साम्राज्याची गाणी गाणारा हा माणूस कधीकाळी तुरुंगात अधिकारी म्हणून नोकरीला होता, हे २००८ मध्ये कागदपत्रांसकट बाहेर आलं. त्याने आधी नाकारलं, मग ते जिरवलं, आणि त्याची गाणी चालतच राहिली. आयुष्य उसनं घेतलं तर चालतं, ओळी उसन्या घेतल्या तर नाही, असा हा अजब हिशेब.

चार दिवसांत दोन गाणी

ड्रेकने चार दिवस काही केलं नाही. त्याचा जुना साथीदार आणि निर्माता फोर्टी याने ट्विटरवर त्याची पाठराखण केली, बाकी शांतता. २५ जुलैला 'चार्ज्ड अप' आलं. मवाळ, संथ, थोडं मोघम. एवढंच का, असं त्याचे चाहतेसुद्धा म्हणाले. आता मीकची पाळी होती. फ्लेक्सच्या कार्यक्रमात उत्तर येणार अशी हाकाटी झाली, लोक रेडिओला कान लावून बसले, आणि उत्तर आलं नाही. २९ तारखेला ड्रेकनेच दुसरं गाणं टाकलं, 'बॅक टू बॅक'.

या गाण्याचं मुखपृष्ठ मला शब्दांइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यावर बेसबॉलपटू जो कार्टरचा १९९३ चा फोटो होता. त्या वर्षी टोरांटो ब्लू जेजने वर्ल्ड सिरीज जिंकली, सलग दुसऱ्यांदा, आणि अंतिम फेरीत हरवलं ते फिलाडेल्फिया फिलीजना. म्हणजे नावात लागोपाठ आलेलं दुसरं गाणं, चित्रात टोरांटोचा सलग दुसरा विजय, आणि हरणारं गाव नेमकं मीकचं. एक अक्षरही न ऐकता टोमणा पोचत होता. गाण्यातही तीच तऱ्हा. मीक तेव्हा त्याची प्रेयसी निकी मिनाजच्या दौऱ्यात तिच्या आधी गात होता, तर हा दौरा तुझा की तुझ्या बाईचा, अशा अर्थाचा चिमटा काढलेला. ट्विटरवर शूर होणाऱ्याला खऱ्या गाण्याने मारल्याचा तोरा. आणि बीट अशी, की भांडणाशी घेणंदेणं नसलेल्या माणसानेही क्लबमध्ये तिच्यावर नाचावं.

३० जुलैच्या रात्री फ्लेक्सकडे मीकचं 'वॉना नो' वाजलं. कुस्तीतल्या अंडरटेकरचं प्रवेशसंगीत, राग, आरडाओरड आणि मिलरच्या आवाजातला आणखी एक नमुना. पुरावा म्हणून ते वजनदार होतं. गाणं म्हणून ते दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही. काही दिवसांत मीकने ते साउंडक्लाउडवरून स्वतःच काढून टाकलं.

मग जत्राच भरली. खाण्यापिण्याच्या कंपन्यांनी मीकवर विनोद केले. टोरांटोचे नगरसेवक नॉर्म केली यांनी तर मीकला आता या शहरात थारा नाही असं ट्विट केलं. ३ ऑगस्टला टोरांटोतल्या आपल्याच ओव्हीओ फेस्ट या संगीत महोत्सवात ड्रेक 'बॅक टू बॅक' गात होता आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर चाहत्यांनी बनवलेले मीम झळकत होते. निवाडा चाहत्यांचा, आणि तो वाचून दाखवायला मंच ड्रेकचा.

प्रश्न एक, उत्तर दुसरंच

इथे जरा थांबायला हवं. विचारलेला प्रश्न होता की ड्रेक स्वतः लिहितो का. लोकांनी सोडवलेला प्रश्न होता की समोरासमोरच्या लढतीत कोण सरस ठरलं. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे, पण ते एक नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मिळताच पहिल्याचंही मिळालं असं सगळ्यांनी धरून चाललं. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात सवालाला जवाब देता आला नाही की फड हरला. मग सवालच चुकीचा होता का, याची चौकशी दुसऱ्या दिवशी कोणी करत नाही. बॅटल रॅपचंही तेच आहे.

ड्रेकच्या चाहत्यांचं तेव्हाचं लाडकं वाक्य असं होतं, की चार दिवसांत दोन गाणी काढली, आता तरी माना त्याची लेखणी. मला यातलं तर्कशास्त्र कधीच कळलेलं नाही. आरोप असा आहे की याच्या मागे लिहिणारी माणसं आहेत, आणि बचाव असा की तो फार भराभर लिहितो. वेग ही लेखणीची साक्ष असू शकते, तशी ती भरल्या कारखान्याचीही असू शकते. 'बॅक टू बॅक' त्याने एकट्याने लिहिलं नाही असं मी म्हणत नाही. वेगावरून ते ठरत नाही, एवढंच.

मीकच्या बाजूची चूक वेगळी आणि जास्त शिकण्यासारखी आहे. पुरावा मिळाला की निकाल आपोआप लागतो, असं त्याला वाटलं. पण रॅपच्या मैदानात पुरावासुद्धा गाऊनच मांडावा लागतो. त्याने तो आधी ट्विटमध्ये मांडला, मग दुसऱ्याच्या रेडिओ कार्यक्रमात, आणि गाण्यात आणला तेव्हा तो शिळा झालेला होता. ज्या दिवशी '१० बँड्स'चा नमुना वाजला त्याच रात्री मीकचं बरं गाणं तयार असतं तर आज हे प्रकरण लोक वेगळ्या सुरात सांगत असते, असं माझं मत आहे. स्वतः लिहिणं हीच खरी कसोटी असं म्हणणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं दाखवायला नऊ दिवस घेतले. हा विरोधाभास सामान्य ऐकणाऱ्याला शब्दांत सांगता येत नसेल, जाणवला मात्र नक्की.

आणखी एक गोष्ट. चाहते 'रिस्पेक्ट' हा एकच शब्द तीन-चार निरनिराळ्या खात्यांसाठी वापरतात. एक कारागिराचा मान, ओळीतल्या यमकासाठी, उपमेसाठी, श्वासावरच्या ताब्यासाठी. एक योद्ध्याचा, हाक आली तर मागे न हटण्याचा. एक आयुष्याचा, जे गातो ते भोगलंय का याचा. आणि एक नुसता पसाऱ्याचा, इतकी वर्षं इतकी गाणी चालवली म्हणून. ड्रेकने योद्ध्याच्या खात्यात जमा केलेली रक्कम चाहत्यांनी बिनबोभाट कारागिराच्या खात्यात वळती केली. त्याने सप्टेंबरमध्ये 'द फेडर' मासिकाला मुलाखत दिली, तेव्हा कधी कधी कल्पनेची ठिणगी पाडायला मला माणसं लागतात, असं त्याने बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलं. जुलैत हे वाक्य आलं असतं तर गळ्याशी आलं असतं. सप्टेंबरमध्ये लोकांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

'बॅक टू बॅक'ला सर्वोत्कृष्ट रॅप सादरीकरणासाठी ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. एखाद्या डिस ट्रॅकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची टर उडवणाऱ्या गाण्याला, असं नामांकन मिळणं म्हणजे भलतंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते पारितोषिक गेलं केंड्रिकच्या 'ऑलराइट'ला.

थकबाकी

न सुटलेला प्रश्न तसाच पडून राहिला आणि त्याच्यावर व्याज चढत गेलं. मे २०१८ मध्ये रॅपर पुशा टीने 'इन्फ्रारेड'मध्ये क्वेंटिनचं नाव पुन्हा काढलं. तेव्हाची लढत ड्रेकने हरली असं बहुतेक जण मानतात, पण तीही लेखणीच्या मुद्द्यावर नव्हे. पुशाच्याच 'द स्टोरी ऑफ ॲडिडॉन' या गाण्याने ड्रेकच्या मुलाची गोष्ट जगापुढे आणली आणि लेखणीचा विषय पुन्हा बाजूला पडला.

खरी वसुली २०२४ मध्ये झाली. ड्रेक आणि केंड्रिक यांची जुंपली, तेव्हा ड्रेकने एप्रिलमध्ये एका गाण्यात टुपॅक आणि स्नूप यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आवाज वापरले आणि टुपॅकच्या वारसांनी कायद्याची भाषा केल्यावर ते मागे घेतलं. ३० एप्रिलला 'युफोरिया'मध्ये केंड्रिकने विचारलं, की मी नक्की कोणाशी लढतोय, घोस्टशी की एआयशी. नऊ वर्षांपूर्वीचा आरोप आणि कालचा प्रमाद, दोन्ही एका ओळीत. त्याच गाण्यात त्याने 'बॅक टू बॅक'चं नाव घेऊन ते गाणं आपल्याला आवडतं असं सांगितलं, आणि त्याकडे परत येण्याचा वायदाही केला. तीन दिवसांत त्याचं दुसरं गाणं आलं. ड्रेकने उत्तर टाकलं आणि काही मिनिटांत केंड्रिकचं तिसरं हजर. दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, 'नॉट लाइक अस'. जे हत्यार ड्रेकने मीकवर चालवलं होतं, लागोपाठ मारा आणि शेवटी नाचता येईल अशी चाल, तेच जसंच्या तसं त्याच्यावर उलटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नॉट लाइक अस'ने पाच ग्रॅमी घेतल्या, त्यांत वर्षाचं गाणं आणि वर्षाची रेकॉर्ड हे दोन्ही मान होते.

केंड्रिकचे चाहते याला लेखणीचा विजय म्हणतात. मला तसं म्हणायचा मोह होतो, कारण तो स्वतः लिहितो याबद्दल कोणाला शंका नाही. पण २०१५ मध्ये वेगावर आणि नाचावर दिलेला निकाल मी चुकीचा म्हणत असेन, तर २०२४ चा निकालही बराचसा वेगावर आणि नाचावरच लागला, हे मला कबूल करावं लागेल. दुसऱ्या वेळी तो माझ्या आवडीच्या माणसाच्या बाजूने लागला, इतकाच फरक.

मीक आणि ड्रेक यांचं मध्यंतरी मिटलंही. सप्टेंबर २०१८ मध्ये बॉस्टनच्या कार्यक्रमात ड्रेकने मीकला मंचावर बोलावलं आणि सभागृह दणाणलं. नोव्हेंबरच्या अखेरीस मीकच्या 'चॅम्पियनशिप्स' अल्बममध्ये दोघांचं 'गोइंग बॅड' आलं आणि बिलबोर्डच्या पहिल्या दहांत जाऊन बसलं. मीकने या वेळी ड्रेकचं कडवं अल्बममधून काढलं नाही.

राहता राहिला क्वेंटिन मिलर. गदारोळ पेटल्यावर त्याने लिहून जाहीर केलं होतं की मी ड्रेकचा घोस्टरायटर नाही आणि कधी होणारही नाही. दोन्ही बाजूंनी ते वाचलं आणि सोडून दिलं. एका बाजूला तो पुरावा म्हणून हवा होता, दुसऱ्या बाजूला तो नकोच होता. ओळी चांगल्या आहेत यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं, नाहीतर त्या कोणी लिहिल्या यावरून भांडण पेटलंच नसतं. त्या ओळींबद्दल रिस्पेक्ट द्यायचा तर तो मिलरला, असं म्हणणारा माणूस त्या दोन आठवड्यांत मला भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा सुचलं नाही. 'इफ यू आर रीडिंग धिस'च्या अनेक गाण्यांच्या श्रेयनामावलीत सहलेखक म्हणून त्याचं नाव होतं, जुलैतल्या त्या ट्विटच्या आधीपासून.